मोठी मोटर नको, पाइपलाइन टाका

पंचगंगा-भोगावतीच्या काठावर जॅकवेल बांधून लांबच्या माळावर पाणी चढवणाऱ्या कोल्हापूरकराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. शेवटच्या सरीला पाणी मिळत नसेल, तर कुणी नदीकाठी दुप्पट हॉर्सपॉवरची मोटर बसवून तिथूनच शिवारावर फवारा मारत नाही. पाइपलाइन पुढे नेतात. घरातल्या वायफायबाबत मात्र हे शहाणपण उंबऱ्याबाहेरच राहतं. सोप्यात नेट पळतंय, पण माजघरामागच्या खोलीत किंवा परड्यातल्या शेडमध्ये रेंज नाही, म्हटलं की पहिली धाव जाते ती चार अँटेनांच्या महागड्या राउटरकडे. रेंज ताणण्यापेक्षा तार लांबवावी आणि लांबच्या जागी दुसरा छोटा वायफाय उभा करावा, हे इथे मांडायचं आहे.

राउटरची ताकद वाढवून फारसं साधत नाही, कारण वायफाय म्हणजे दुतर्फा बोलणं. एका बांधावरून जोरात हाळी दिली तरी पलीकडच्या माणसाचा आवाज बारीक असेल तर संवाद होत नाही. फोनचा ट्रान्समीटर बॅटरीवर चालणारा, दुबळा; राउटरचं त्याला ऐकू येतं, त्याचं राउटरला येत नाही. पडद्यावर दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, ते अनेकदा यामुळेच. शिवाय २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला तो शक्तीची मर्यादा घालूनच. त्यामुळे दुकानातला ‘पॉवरफुल’ हा शब्द जपून ऐकावा. खरा अडसर भिंतीचा आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. दुसरी वेगवान, पण भिंतीत लवकर दमते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंतींपुढे ती टिकतच नाही. गंमत अशी, की त्याच वाड्यात लाकडी तक्तपोशीतून माडीवर रेंज बरी जाते, आणि नव्या बंगल्यात लोखंडी सळ्यांचा स्लॅब वरच्या मजल्याची वाट अडवतो. पत्र्याच्या शेडचं तर बोलायलाच नको: पत्रा लहर शोषत नाही, आल्या वाटेने परत पाठवतो.

म्हणून पैसे खर्चण्याआधी राउटर हलवून पाहावा. नेटवाला तो बसवतो ते त्याची फायबर जिथून आत येते तिथे, म्हणजे बहुधा रस्त्याकडच्या कोपऱ्यात. तिथून निम्मी रेंज गल्लीला फुकट जाते. टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटावरून उचलून तो घराच्या मध्याकडे, उंचावर आणला तरी पुष्कळ घरांचं काम भागतं. नाही भागलं, तर दुकानदार रिपीटर पुढे करतो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यात लोक तो बसवतात नेमका रेंज नसलेल्या खोलीत. विहीर कोरडी असताना तिथे मोटर बसवण्यातला हा प्रकार. घरभर ठेवलेल्या डब्यांचा मेश त्याहून चांगला, हे मान्य. पण त्याचे डबेही एकमेकांशी भिंतीतूनच बोलणार असतील, तर जाड भिंतीचा प्रश्न तसाच उरतो. ते डबे तारेने जोडले की मेश उत्तम चालतो; म्हणजे गाडी पुन्हा तारेवरच येते.

तार दिसते, भिंत फोडावी लागते, हा आक्षेप खरा आहे. जुन्या मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की ढलपे पडतात, आणि भाड्याच्या घरात खिळाही विचारून मारावा लागतो. तरी केसिंग-पट्टीतून, तुळईच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून लॅन केबल नेता येते. फक्त विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपात घालू नये. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, एवढं अंतर घरात क्वचितच लागतं. ती अस्सल तांब्याची घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. टोकाला जुनाच राउटर लावता येतो: त्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करायचं, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच ठेवायचे, म्हणजे फोन बहुधा आपसूक जवळचा धरतो.

हे झालं घरापुरतं. रानातल्या गोठ्यात नुसता फोन बघायचा असेल, तर मोबाइल डेटा पुरे; एवढा खटाटोप नको. पण कॅमेरे किंवा शेडमधलं संगणकावरचं काम असेल, तर रानातून समोरासमोर लावायच्या ५ गिगाहर्ट्झच्या डिश सुचवल्या जातात. मध्ये ऊस असेल, तर इथे जपावं. तोडणीनंतर माघात रान मोकळं असताना जोडणी झकास चालते. मग खोडवा फुटतो, आणि पावसाळ्यात पुरुषभर उंच झाला की पाण्याने भरलेली ती हिरवी भिंत मध्ये उभी राहते. दोन ठिकाणं नुसती एकमेकांना दिसून भागत नाही; २०० मीटरवर मध्यभागी त्या सरळ रेषेभोवती चहूबाजूंनी दीड-पावणेदोन मीटर मोकळीक लागते. खांब तेवढा उंच नसेल, तर जमिनीतून फायबर न्यावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली, तर वळवाच्या विजांचा झटका तिच्यातून दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र बाजारातल्या बऱ्याच फायबर केबलींना मजबुतीसाठी आत पोलादी तार असते. बिनधातूची मागून घ्यावी, आणि ट्रॅक्टरचा फाळ जिथे पोचत नाही अशी बांधाकडेची वाट तिला द्यावी.