ॲपचं ऐकू की कानाचं?

पहिला पाऊस पडला की मुंबईत फक्त लोकलचंच बिनसत नाही, हॉलमधल्या पियानोचंही बिनसतं! हवेतल्या ओलाव्याने त्याचा लाकडी साउंडबोर्ड फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. मग डोक्यात किडा वळवळतो, 'मोबाइलवर ट्यूनिंगचं ॲप आहेच की. आपणच लावला तर?'

थांबा बॉस! पियानोच्या पट्ट्या 88, पण तारा साधारण 230. मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन! सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. घाईत खुंटी पिळलीत, तर जुनी तार फटकन तुटायची.

ॲप हुशार आहेच. मधला 'ए' सेकंदाला 440 कंपनांचा. त्यातला बारीकसा फरकही ते अचूक दाखवतं. शिवाय कान दमतो, यंत्र दमत नाही.

मग गडबड कुठे? पियानोची पोलादी तार ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर किंचित चढे निघतात. सगळे स्वर कोष्टकाप्रमाणे लावले तर पियानो गणितात पास, कानाला नापास! म्हणून ट्यूनर वरचे स्वर जरा चढे आणि खालचे जरा उतरते ठेवतो. याला म्हणतात 'स्ट्रेच'. तो प्रत्येक पियानोचा वेगळा. चांगली ॲप्स आधी काही स्वर ऐकून तो काढतात, पण शेवटचा शिक्का कानाचाच.

खरी परीक्षा तीन तारा एक करताना. एक 440 वर, दुसरी 441 वर असेल, तर सेकंदाला एक लहर ऐकू येते. तंबोऱ्याची जोड जुळवणाऱ्यांना ही लहर चांगलीच ओळखीची! याच कानांना पियानोचा गंधार मात्र चढा वाटेल. शुद्ध गंधारापेक्षा तो सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातले 14 भाग, वर असतो. बिघाड नव्हे, बारा स्वर समान अंतरावर बसवण्याची ती किंमत आहे. खुंटी घट्ट बसली की उद्या सरकणार, हे तर फक्त सरावलेल्या हातालाच कळतं.

तेव्हा डील अशी: दर महिन्याला ॲपवर तेच चार-पाच स्वर तपासा, नोंद ठेवा. आकडे हलले की ट्यूनरला फोन करा. तो आला की टीव्ही, मिक्सर, पंखा बंद! काम झाल्यावर फोन खिशात ठेवा आणि आवडतं गाणं वाजवून बघा. किती बिघडलंय ते ॲप सांगेल. जमलंय का, ते तुमच्या कानालाच विचारा.