झाडांच्या नांवांतील कारागिरी

झाडांस नांवें अनेक प्रकारांनीं पडतात. कांहीं नांवें फुलांच्या रंगावरून पडलीं, कांहीं पानांच्या आकारावरून वा संख्येवरून. परंतु नांवांचा आणखी एक वर्ग आहे, तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. हीं नांवें झाडाच्या रूपाचें वर्णन करीत नाहींत; त्या झाडाचा मनुष्यानें काय उपयोग केला, हें सांगतात. सुतार, रंगारी, सूत काढणाऱ्या स्त्रिया अशा कष्टकरी लोकांच्या अनुभवाचा ठसा त्यांवर उमटलेला असतो.

अमरकोशांतील वनौषधिवर्ग पाहावा. तिनिश वृक्षास तेथें 'स्यंदन', 'नेमी' व 'रथद्रु' अशीं नांवें दिलीं आहेत. स्यंदन म्हणजे रथ, नेमि म्हणजे चाकाचा घेर व द्रु म्हणजे वृक्ष. हा तिनिश म्हणजे आपल्या रानांतील तिवस. याचें लाकूड अत्यंत चिवट असून हिसके सहन करतें. म्हणून गाड्यांच्या चाकांस व शेतीच्या अवजारांस तें योग्य ठरलें. विकंकतास त्याच कोशांत 'स्रुवावृक्ष' म्हटलें आहे. कारण यज्ञांत तूप वाहण्याची पळी, म्हणजे स्रुवा, त्याच्या लाकडाची करीत. धामणीस जुन्या निघंटूंत 'धनुर्वृक्ष' हें नांव आहे. तिचें लाकूड वांकतें, पण सहसा मोडत नाहीं. धनुष्यास याहून अधिक काय हवें?

लोध्राचें एक नांव तर फारच बोधप्रद आहे. तें म्हणजे 'लाक्षाप्रसादन', अर्थात् लाखेचा रंग खुलविणारा. लोध्राच्या सालींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात व तुरटींतही तीच धातु असते, हें रसायनशास्त्रानें पुढें दाखविलें. त्या क्षारांमुळें रंग कापडास धरून राहतो. क्षारांचें नांवही ठाऊक नसतां रंगाऱ्यानें त्यांचा गुण हेरला होता!

असा प्रकार केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं. इंग्लंडांत एका लहानशा झाडास 'स्पिंडल ट्री', म्हणजे चातीचें झाड, असें म्हणतात. त्याच्या कठीण व गुळगुळीत लाकडाच्या सूत काढण्याच्या चात्या होत असत. फ्रेंच भाषेंत त्याच झाडाचें नांव 'फ्युझॅं' असून, त्याच्या कोळशानें चित्रकार रेखाटन करीत म्हणून त्या कोळशाच्या कांडीसही तेंच नांव मिळालें. शाळेचा मान तर आपल्या सातवणीस लाभला आहे. तिच्या पानांच्या झुबक्यावरून आपण तिला सप्तपर्णी म्हणतों; पण लिनियसनें १७६७ सालीं तिच्या शास्त्रीय नांवांत 'स्कोलॅरिस', म्हणजे शाळेचें, हा शब्द घातला; कारण तिच्या हलक्या लाकडाच्या फळ्या मुलांस लिहिण्यासाठीं वापरीत.

आतां चात्या बहुतेक घरांतून गेल्या, बैलगाड्यांस रबरी चाकें आलीं व तयार रंग दुकानांत मिळूं लागले. वस्तु गेली कीं नांवाचा अर्थ पुसट होतो. 'तिवस' म्हणतांना रथाचें स्मरण आज कोणास होतें? अर्थ गेला म्हणजे हळूहळू नांवही जातें आणि त्याबरोबर कोणतें लाकूड कशास चालतें, हें शेंकडों वर्षांचें ज्ञान नाहींसें होतें.

याकरितां विद्यार्थ्यांनीं सुटींत एक काम अवश्य करावें. गांवांतील वृद्ध सुतारास, शेतकऱ्यास, घरांतील आजीस विचारून झाडांचीं नांवें लिहून घ्यावीं. कोणत्या गांवीं तें नांव चालतें, त्या झाडाचें काय करीत व तेंच झाड कां निवडीत, हेंही टिपावें. मात्र केवळ शब्दाच्या सारखेपणावरून तर्क करूं नये. लाकडाचा गुण नांवाशीं जुळतो कीं नाहीं, तें कारागिराकडून पडताळून घ्यावें. पालकांनींही आपणांस ठाऊक असेल तें मुलांस सांगावें.

निवळीचें झाड आपणांस हाच धडा देतें. तिचें बीज भांड्याच्या आंतील अंगास घासून गढूळ पाणी ओतलें कीं माती तळाशीं बसते व पाणी निवळतें. म्हणूनच ती निवळी. या झाडाचें फळ पाणी स्वच्छ करणारें असलें तरी नुसतें त्याचें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असें मनुस्मृतींत म्हटलें आहे. झाडांचीं नांवें पाठ करणाऱ्या प्रत्येकानें हें ध्यानांत ठेवावें.