चाळिशीनंतरचा कामातील उत्साह

अंधेरी वा मुलुंडहून नित्य सकाळी कचेरीची गाडी गाठणारा गृहस्थ पंचेचाळिशीच्या सुमारास कामाला विटतो. त्याचे कारण बहुधा श्रम नसतात. काम अंगवळणी पडलेले असते व त्यात शिकण्यासारखे काही उरले नाही असे त्यास वाटू लागते. बढतीने हे दुखणे चार महिने दबते, इतकेच.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत असता त्यांनी ‘व्यवहारमयूख’ संपादिला. त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत. पण विषय वाढत गेला. पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते. अखेरचा १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीच्या घरात. पृष्ठे साडेसहा हजारांवर भरली! एवढ्या डोंगराचा संकल्प आरंभीच सोडावयाचा असता, तर भलाभला बिचकला असता. आरंभ झाला तो एका प्रस्तावनेचा.

कचेरीच्या जुन्या दप्तरांतही असे लहानसे, कोणी न उकललेले प्रश्न पडून असतात. आणि वीस वर्षे त्याच खात्यात काढलेल्या माणसाखेरीज ते इतरांस सहसा दिसत नाहीत.