ड्रॉपबॉक्स: जुनी पेटी अजून कामाची?

गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी, नाटकाची संहिता, जमाखर्च हे सारे आम्ही मंडळात ड्रॉपबॉक्सवर ठेवतो. २००८ साली सुरू झालेली ही सोय आता ठेवावी की सोडावी, असे सभासद विचारतात.

फुकटात इथे २ जीबी जागा मिळते. गूगल ड्राइव्हवर १५, तीही ई-मेल आणि फोटो धरून. एक फोटो ३ एमबीचा धरला, तर २ जीबीत साडेसहाशेच मावतात. शिवाय २०१९ पासून फुकट खात्याला तीनच उपकरणे जोडता येतात. मात्र मोठ्या फाइलीत थोडा बदल केला, तर ड्रॉपबॉक्स बदललेला तुकडाच पाठवते. चौघांनी मिळून करायच्या कामाला ती आजही सोयीची आहे.

खरा धोका वेगळाच. एका संगणकावर फाइल पुसली की ती सगळीकडून जाते, आणि फुकट खात्यात ३० दिवसांच्या आतच परत मिळवता येते. प्रयोगशाळेत नमुन्याची दुसरी बाटली वेगळ्या कपाटात ठेवतात. तसेच आजी-आजोबांचे फोटो आणि जन्माचे दाखले वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. कामासाठी ड्रॉपबॉक्स, ठेव्यासाठी डिस्क, असे आमचे मत आहे.