जोडून आलेली सुट्टी आणि साचलेली कामं

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की घरातले सगळे आधी लाल आकडे बघतात. कुठली सुट्टी रविवारी येऊन वाया गेली, कुठली शनिवार-रविवारला जोडून आली. आमच्या ह्यांना अशी जोडसुट्टी दिसली की महाबळेश्वर आठवतं. मुलाला झोप आठवते. आणि मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, ते मी सांगायला हवं का? पोटमाळा!

२०२६ साली २ ऑक्टोबरला शुक्रवार आहे. ११ तारखेला घटस्थापना. म्हणजे गांधी जयंतीचे हे तीन दिवस नवरात्राच्या साफसफाईसाठी अगदी पानात वाढून ठेवल्यासारखे. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा पुष्कळ घरांत शनिवारीही माणसं घरीच असणार. चार महिने पावसानं सगळं दमट करून ठेवलेलं असतं. कपाट उघडलं की कुबट वास, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी, कुंड्यांमधून गुडघाभर तण. हात शिवशिवतात खरे. पण जरा थांबा. आधी माझी एक गोष्ट ऐका.

२०१५ साली २ ऑक्टोबर असाच शुक्रवारी आला होता. मी पदर खोचला. शुक्रवारी माळा काढला. शनिवारी सगळं तांब्या-पितळेचं, चिंच लावून, सासूबाईंच्या घंगाळासकट घासलं. रविवारी स्वयंपाकघरातले डबे, ट्रॉल्या, जाळ्या. सोमवारी पाठ धरली होती, पण घर असं लखलखत होतं की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. बागेकडे मात्र, म्हणजे गॅलरीतल्या पंधरा-वीस कुंड्यांकडे, मी फिरकलेही नाही. म्हटलं, ते काय, दिवाळीत बघू.

घट बसले त्या दिवशी आमच्या धाकटीला ताप भरला. तेव्हा ती पाचवीत होती. दोन दिवसांत अंग ठणकायला लागलं, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून रडायची. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पाच दिवस पोर दवाखान्यात. रोज सकाळी प्लेटलेट्सचा आकडा यायचा आणि तो ऐकेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. दसऱ्याला ती घरी आली, हेच आमचं सोनं.

मधल्या काळात नगरपालिकेची माणसं घर तपासायला आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी तुळशीच्या कुंडीखालची बशी उचलली आणि पाणी एका पांढऱ्या वाटीत ओतून माझ्यापुढे धरली. बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. मग मनीप्लँटची बाटली. मग फ्रिजच्या मागचा ट्रे, तो बाहेर निघतो हेही मला ठाऊक नव्हतं. तो डास आमच्याच घरातला की शेजारचा, हे कोण सांगणार? पण समोर शोकेसमध्ये घंगाळ चकाकत होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

तेव्हापासून जोडून सुट्टी आली की मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारते: हे आत्ता केलं नाही तर काय बिघडेल? पितळ काळवंडेल. काळवंडू दे, महिन्यानंही घासता येतं. पण गव्हात टोके झाले तर गहू जाणार. साठलेल्या पाण्याची तर बातच सोडा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि चावतो तो दिवसाढवळ्या, त्यामुळे नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीनं भागत नाही.

म्हणून पहिल्या दिवशीचं पहिलं काम पाण्याचं. कुंड्यांखालच्या बशा, कूलरची टाकी, गच्चीवरचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, उलटं न ठेवलेलं घमेलं, सगळं रिकामं करा. नुसतं पाणी ओतून देऊ नका हं. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. तेव्हा काथ्यानं किंवा ब्रशनं कडा खरवडून घासायच्या आणि भांडं उन्हात पालथं घालायचं. फ्रिजचा ट्रे काढण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. मनीप्लँट सरळ मातीत लावून टाका, बाटलीत ठेवायची हौसच असेल तर आठवड्याला बाटली घासून पाणी बदलायला हवं. या सगळ्याला आमच्याकडे पाऊण तास लागतो. पाऊण तास!

पुढचं काम उन्हाचं, कारण ऊन आपल्या सोयीनं मिळत नाही. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे या दिवसांत सकाळी चटका बसणारं ऊन आणि संध्याकाळी गडगडाट होऊन परतीचा पाऊस, असा खेळ चालतो. तेव्हा वाळवण सकाळी नऊला बाहेर आणि तीनच्या आत घरात, हा नियम पाळा. 'अजून तासभर राहू दे' म्हणून मी एकदा दोन गाद्या भिजवल्या आहेत. आठवडाभर वाळल्या नाहीत आणि त्या आठवड्यात मला जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

कापसाच्या गाद्या, उशा, गोधड्या दोन्ही बाजूंनी उन्हं खाऊ द्या, मग काठीनं झोडा. फोमच्या गादीला कडक ऊन मानवत नाही, ती खिडकीशी उभी करून वारा द्या. वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्ये भरलेला असेल तर त्याला आता ऊन दाखवायची वेळ झालीच. पातळ पसरा, तासा-दोन तासांनी हात फिरवा, टोके, सोंडे बाहेर पळायला लागतील. संध्याकाळी चाळून घ्या, पण लगेच कोठीत भरू नका. गरम धान्य बंद केलं की आत घाम सुटतो आणि तोच पुढच्या किडीला आमंत्रण देतो. रात्रभर चादरीवर पसरून ठेवा, सकाळी भरा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मधे मधे घाला. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये, त्याला चिरा पडतात आणि भात मोडतो. तो सावलीत, वाऱ्यावर. डाळींना किलोला चमचाभर एरंडेल चोळायची आपल्या आज्यांची रीत चांगलीच आहे. पण तांदळाला बोरिक पावडर लावायची जुनी सवय सोडून द्या, ती पोटात जाणं बरं नव्हे. आणि धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या किंवा विषारी वायूच्या गोळ्या घरात आणूच नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. त्या वायूनं माणसं दगावतात.

रेशमी साड्या उन्हात नाही, पंख्याखाली. घडी मोडून नव्या ठिकाणी घाला, नाहीतर पैठणी नेमकी घडीवरच विरते. सुती धोतरात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. नवरात्रात नेसायच्या असतील त्या याच वेळी वेगळ्या काढून ठेवल्या की फॉल सुटलाय, ब्लाऊज आटलाय हे आयत्या वेळी कळत नाही. (ब्लाऊज आटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तसं म्हणायचं.)

बुरशी आलेली भिंत कोरड्या झाडूनं झाडू नका, सगळी धूळ नाकात जाते. तोंडाला फडकं बांधून ओल्या कपड्यानं पुसा. आणि एक धोक्याची गोष्ट: संडास घासायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. दोन्ही घातलं की दुप्पट स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या मोरीत जीव गुदमरतो.

आता बागेचं. शनिवारची सकाळ त्यासाठी ठेवा, दोन-तीन तास पुरतात. आपल्याकडे गुलाबाची छाटणी ऑक्टोबरातली. वाळक्या, रोगट आणि आतल्या बाजूला वाढलेल्या फांद्या काढा, बाकीच्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरक्या कापा. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला जोमदार फुटवा पाहून हुरळून जाऊ नका, तो रानगुलाबाचा, मुळाशीच काढा. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावावी. मी हळद कालवून लावते, माझं झाड अजून मेलेलं नाही. पावसाचं लक्षण असेल तर छाटणी पुढच्या रविवारवर ढकला. वरची दोन इंच माती काढून मुरलेलं शेणखत घाला, दीड-दोन महिन्यांत फुलं येतात.

मोगऱ्याला आत्ता कात्री लावायची नाही, त्याची पाळी जानेवारीच्या शेवटी. शेवंती कळ्या धरायच्या बेतात असते, तिचे शेंडेही खुडू नका. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या तर ती लग्नापर्यंत छान डवरते. एखाद्या पसरट कुंडीत धणे जरा रगडून, दोन फाकळ्या करून पेरून ठेवा. दिवाळीच्या चिवड्यावर घरची कोथिंबीर, आणखी काय हवं?

'हे सगळं मी एकटीनं करायचं?' असं तुम्ही म्हणाल. नाही हो. पण 'मला मदत करा' असंही म्हणू नका. मदत म्हटलं की आमचे हे दर दोन मिनिटांनी 'अगं, हे कुठे ठेवू?' विचारत येतात. त्यापेक्षा आपणच केलेलं परवडतं. काम अख्खं द्या. पाण्याची फेरी २०१५ पासून ह्यांची आहे, दर शनिवारी, सणवार असो की पाहुणे. मी बघायलाही जात नाही. गाद्या मुलाच्या. वर नेणं, झोडणं, तीनच्या आत खाली आणणं. पहिल्या वर्षी त्यानं उशी गच्चीवरच विसरली, आणि रात्री तीच ओली उशी त्याच्या वाट्याला आली. पुन्हा विसरला नाही. सासूबाई बसल्या जागी धान्य निवडतात आणि आमच्या सगळ्यांच्या चुका काढतात, तेही काम कुणीतरी करायलाच हवं.

रविवारी दुपारनंतर काहीही नाही. जेवण साधं, पिठलं-भात. उन्हं खाल्लेली गादी, तिच्यावर धुतलेली चादर, तुमच्या हातात हे मासिक. कुणी 'चहा' म्हणालं तर डोळे मिटून पडा.

आणि पोटमाळा? तो आहे तिथेच राहू दे. मी गेली तीन वर्षं काढलेला नाही. परवा हे म्हणाले, 'वर माझी जुनी कॅरमची सोंगटी-पेटी असेल.' म्हटलं, 'शिडी कोपऱ्यात आहे, अहो. चढताना मुलाला खाली धरायला सांगा.'