आईचे शिक्षण आणि आईचा व्यवसाय



दरवर्षी जूनमध्ये प्रवेश अर्ज तपासताना एक गोष्ट जाणवते. आईचे शिक्षण : बी.एस्सी., एम.कॉम., कधी डी.एड. आणि पुढच्याच रकान्यात, आईचा व्यवसाय : गृहिणी. गृहिणी असण्यात कमीपणा अजिबात नाही. पण तो निर्णय तिचा होता का, एवढं तरी आपण विचारायला हवं.

आधी एक संज्ञा समजून घेऊ. 'श्रमबल सहभाग दर' म्हणजे 15 वर्षे व त्यावरील शंभर जणींपैकी किती जणी काम करतात किंवा काम शोधतात. समजा, 32 जणी काम करतात आणि 4 शोधात आहेत, तर दर झाला 36 टक्के. फक्त घरकाम करणारी यात मोजली जात नाही. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी मात्र मोजली जाते.

केंद्र सरकारच्या पाहणीनुसार भारतात स्त्रियांचा हा दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. पण या वाढीत मोठा वाटा ग्रामीण भागात घरच्या शेतीत, धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे.

मग शिकलेल्या मुलींचं काय? शिक्षण वाढलं की दर सरळ वर चढतो, असं नाही. निरक्षर बाईला राबल्याशिवाय गत्यंतर नसतं. दहावी-बारावी झालेलीला मजुरी नको असते आणि जोगती नोकरी मिळत नाही, म्हणून दर खाली येतो. पदवीनंतर तो पुन्हा चढतो, तरी पदवीधर पुरुषांपेक्षा खूपच कमी राहतो.

कारण घरातच सापडतं. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे देत होत्या, पुरुष 97. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही बंधनकारक आहे. पण रजा फक्त आईला! आणि छोट्या कार्यालयात काम करणारीने बाळ कुठे ठेवायचं?

वर्गात एक उपक्रम घेऊन बघा. घरातलं कोणतं काम कोण करतं आणि किती वेळ, हे मुलांना आठवडाभर वहीत लिहायला सांगा. बेरीज मुलांनाच करू द्या. आणि पालकहो, ती वही बाबांनीही वाचावी, ही विनंती.