आष्टीचं ऊन, लेकरांची कातडी
वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लेकरांना उन्हाळ्यात दुपट्टा बांधून जपतात. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळेच उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पण अतिनील किरणांचा उष्णतेशी संबंध नाही. ढगाळ दुपारी संत्र्याच्या बागेतही ते पोचतात. अतिनील निर्देशांक ३ झाला की जपावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन बरंच वाचवतं, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी. मात्र जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, पांढऱ्या केसांच्या मुलांना हे कवच नसतं. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन त्यांना रोज हवंच. शाळेनं त्यांना उन्हातल्या कवायतीला उभं करूच नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र क्रीम नको, सावली द्यावी. न भरणारी जखम दिसल्यास सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठावं.